काश्यप गोत्राचा मिखालिस

फावडे आडवे धरून ती दफनभूमीच्या फाटकात उभी राहिली आणि काहीतरी बोलली. तिची भाषा मला येत नव्हती. परंतु ते फावडे ज्या रीतीने धरले होते, त्याचा अर्थ कोणत्याही भाषेत एकच झाला असता.

"काय म्हणतात त्या?" मी माझ्या दुभाष्याला, म्हाताऱ्या लेफ्तेरींना, विचारले.

लेफ्तेरींनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "बाय, ही बोलते, पोरगा माझा हाय. बोलते, तू आली तशी परत जा. आणखी पण बोलली. ते मी नाय सांगत."

"सांगा."

"बोलते, मेंढी राखली मी, आणि लोकर कातरायला आली ही."

"त्यांना म्हणावे, लोकर माझीच आहे. मेंढीसुद्धा."

लेफ्तेरी पोट धरून हसले आणि मग भीतभीत त्यांनी माझे उत्तर तिला सांगितले. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्याच वयाची, अंगाने काटक, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या वस्त्रांत. तिने फावडे जमिनीत खचकन रोवले. परंतु फाटकातून ती हलली नाही.

तिचे नाव स्तामातिया. ग्रीस देशाच्या दक्षिण टोकाला, जिथे डोंगर थेट समुद्रात पाय सोडून बसले आहेत, तिथले ते कोळ्यांचे गाव. दगडी घरांची एक ओळ, बंदराचा एक बांध, दोरीवर वाळत घातलेली जाळी, आणि टेकडीवर चर्च व त्याला लागून दफनभूमी. जानेवारी महिना होता. खरे बदाम, आपल्याकडचे देशी बदाम नव्हेत, पर्णहीन फांद्यांवर पांढरे फुलले होते. समुद्र इतका शांत होता की, याने कोणाला बुडविले असेल हे सांगून पटले नसते.

माझ्या हातात लाल वस्त्राने तोंड बांधलेला तांब्याचा कलश होता. माझ्या मुलाच्या अस्थी नेण्यासाठी मी कऱ्हाडहून तिथे आले होते.

हेरंब माझा एकुलता एक मुलगा. तो मालवाहू जहाजावर तिसरा इंजिनीअर होता. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, याच किनाऱ्यासमोर, वादळात तो डेकवरून वाहून गेला. देह सापडला नाही, असे आम्हांला कळविण्यात आले. देह नसेल तेव्हा शास्त्राने एक विधी सांगितला आहे : पळसाच्या पानांची मनुष्याकृती करावी आणि तिला अग्नी द्यावा. माझे दीर त्र्यंबकराव यांनी तो विधी कृष्णाकाठी यथासांग केला. मी घाटाच्या वरच्या पायरीवर उभी होते. पाने लवकर जळतात. माझा सहा फुटांचा मुलगा नारळ फोडायला लागतो तेवढ्या वेळात संपला. शास्त्रावरची माझी श्रद्धा त्या दिवशीही ढळली नाही. मात्र जळाली ती पाने, एवढे मला स्वच्छ कळले.

मग एके दिवशी दाभोळचा इब्राहिम मुकादम आमच्या दारात येऊन उभा राहिला. तोही जहाजावरचा माणूस. पिरेअस बंदरात त्याला लेफ्तेरी भेटले होते. एके काळी लेफ्तेरींनी जहाजावर दाभोळच्या सारंगाच्या, म्हणजे खलाशांच्या नायकाच्या, हाताखाली अनेक वर्षे काढली होती, आणि मराठी बोलायला मिळावे म्हणून ते बंदरावर कोकणी खलाशी हुडकीत फिरत. ते इब्राहिमला म्हणाले होते, "आमच्या गावात एक बेवारस दर्यावर्दी पुरलाय. त्याच हप्त्यात तुमच्या मुलखाचा एक पोरगा बोटीवरनं पडला होता. त्याची आय असंल तर तिला सांग."

भावोजींना हे मुळीच रुचले नाही.

"वहिनी, त्याचे और्ध्वदेहिक झालेले आहे. एका माणसाला दोनदा मारायचे आहे का?"

"एकदा तरी नीट मरू दे, भावोजी."

"अस्थी गोळा करणे हे बायकांचे काम नव्हे."

"कर्ता नसेल तर मातेला अधिकार आहे. हे मी वडिलांपाशी शिकले, तेव्हा तुम्ही रूपावली घोकत होता."

"अधिकार आहे तो अमंत्रक!" ते ओरडले. "मंत्राचा उच्चार न करता!"

"ते तिथे गेल्यावर पाहू," मी म्हणाले आणि पासपोर्टच्या अर्जावर सही केली.

अशी मी तिथे पोहोचले होते. आणि आता ही स्त्री फाटक अडवून उभी होती.

"बार्बा," मी म्हणाले. गावात सर्व जण लेफ्तेरींना बार्बा, म्हणजे काका, म्हणत. "यांचा माझ्या मुलाशी संबंध काय?"

"बाय, हिचा मिखालिस पण दर्यानं नेला. होडी परत आली, पोरगा नाय आला. मग पुढच्या थंडीत हा वाहून आला. त्याच जागी, त्याच धक्क्याखाली. हिनं पाण्यात उतरून वर काढला. हिनं धुतला. हिनं पुरला. दर शनिवारी दिवा लावते. आता तीन वर्सं झाली, परवा त्याला बाहेर काढणार, आणि तू डबा घेऊन आली."

"बाहेर काढणार म्हणजे?"

"आमचा रिवाज. जमीन थोडी, मुडदे जास्त." हे म्हणताना त्यांनी हाताने डोंगर दाखविला. "तीन वर्सांनी कबर उघडायची, हाडं दारूत धुवायची, पेटीत भरायची, त्या खोलीत ठेवायची. मंग कबर दुसऱ्याला."

त्यांनी दाखविलेली खोली दफनभूमीच्या कोपऱ्यात होती : दगडी, बुटकी, एका लाकडी दाराची. आत गावाचे सर्व पूर्वज पेट्यांमध्ये रचून ठेवलेले होते.

"आणि ज्याचे कोणी नाही त्याची हाडे?"

"खाली खड्डा हाय. त्यात. मिसळून टाकतात." लेफ्तेरींनी स्तामातियाकडे पाहिले. "पण ही बोलते, ह्याला पेटी पायजे. तिनं पेटी करून ठेवलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी समुद्राकाठी गेले, तेव्हा स्तामातिया एका होडीला निळा रंग देत बसली होती. ती होडी मिखालिसची. ती पुन्हा कधी पाण्यात गेली नव्हती. तरी दर वर्षी ती खरवडून नवा रंग दिला जाई. मी जवळच्या दगडावर बसले. तिने मान वर केली नाही. काही वेळाने लेफ्तेरी आले. त्यांच्या हातात पाव, जैतुनाची फळे आणि माझ्यासाठी मुद्दाम भाजलेला एक मासा होता.

"मी मत्स्याहार करीत नाही, बार्बा."

"मासा नाय खात?" त्यांना धक्का बसला. "मंग दर्यावर पोरगा पाठवला कसा?"

"तो खात असे. मला सांगत नसे."

हे त्यांनी स्तामातियाला सांगितले. ब्रश हातातच थांबला. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलले. पण तिने ते लगेच आवरले आणि लेफ्तेरींवर तोंड टाकले. ते किती वेळ चालले, कोण जाणे.

"काय म्हणतात?"

"मला शिव्या देते. बोलते, पिरेअसला जाऊन तोंड उघडलं नसतं तर तुझी जीभ काय कुजली असती?"

"मग का उघडलेत?"

म्हातारा माशाचे काटे काढीत राहिला. "बाय, कबर उघडायच्या टायमाला घरची बाई लागते. हाडं आयनं धुवायची, नाय तर बहिणीनं. ही धुवेल, मला ठाऊक होतं. पण कुठं तरी दुसरी बसली असंल ना? वाट बघत?"

यापुढे स्तामातियाचे, आणि पुढे इतर गावकऱ्यांचेही, बोलणे बहुतेक मी माझ्या शब्दांत देते. लेफ्तेरींच्या भाषांतरातील दाभोळच्या सारंगाच्या शिव्या गाळून देते, एवढाच फरक.

ती ब्रश पुसत म्हणाली, "तू म्हणतेस, तो तुझा. समुद्राने त्याचा चेहरा ठेवला नव्हता. तू त्याला कशावरून ओळखणार?"

"त्याच्या अंगावर काय होते ते तुम्ही पाहिले असेल."

"स्वेटर होता. पॅन्ट होती. ती सर्व खलाशांच्या अंगावर असते."

"स्वेटरच्या आत?"

मग मीच सांगू लागले.

"स्वेटरच्या आत, डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे, सुती धाग्याचे सूत्र असेल. आमच्याकडे त्याला जानवे म्हणतात. बाजारातली जानवी समुद्राच्या पाण्याने विरतात, म्हणून त्याचे जानवे मी स्वतः टकळीवर सूत काढून केले होते. बायकांनी ते करू नये, असे माझे दीर म्हणतात. मी ते केले आणि त्याची गाठही मीच मारली. माझे वडील मारीत तशी : शेवटचा फेर उलटा. ती गाठ मारणारे आज माझ्याशिवाय कोणी उरलेले नाही."

लेफ्तेरींना हे सांगायला बराच वेळ लागला. टकळीसाठी त्यांना शब्द सापडेना, तेव्हा त्यांनी बोटांनी सूत कातून दाखविले. ते पाहताच स्तामातिया उठली. ब्रश तसाच रंगाच्या डब्यात टाकून ती घराकडे चालू लागली. मला वाटले, ती रागावून गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात पांढरा रुमाल होता. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

आत जानवे होते. मिठाने ताठरलेले, पिवळे पडलेले. मी गाठ अंगठ्याखाली धरली. शेवटचा फेर उलटा होता.

मी रुमाल पुन्हा मिटला. मग स्तामातिया समुद्राकडे पाहतच बोलू लागली. "मी त्याला एकटीने धुतले. दुसऱ्या कोणाला जवळ येऊ दिले नाही. हा धागा पाहिला आणि मला कळले की हा आमच्यातला नव्हे. पाद्रीला कळले असते तर त्याने याला कुंपणाबाहेर पुरले असते, गुरांच्या वाटेवर. म्हणून मी धागा काढून ठेवला. कापला नाही, डोक्यावरून काढला. कोणाच्या तरी हाताने मारलेली गाठ होती ती." तशीच पाठमोरी ती म्हणाली, "काल रात्री मी तो चुलीत टाकणार होते."

"का टाकला नाही?"

"चूल विझली होती," ती म्हणाली. लेफ्तेरींनी हे सांगताना मान हलविली. कारण तिची चूल कधीही विझत नसे, हे सर्व गावाला माहीत होते.

मग ती वळली. "उद्या त्याला काढू. तू धू. तुझ्या भांड्यात भर आणि घेऊन जा. पण पाद्रीपाशी काही बोलू नकोस. मी सांगेन की, ही बाई दूरच्या ख्रिस्ती मुलखातून आली आहे. नाहीतर तुझ्या पोराची हाडे हातात असतानाच कटकट होईल."

तिने ब्रश उचलला आणि होडीच्या त्याच फळीवर पुन्हा रंग फिरविला. ती फळी आधीच रंगविलेली होती.

कबर सकाळी उघडण्यात आली. गावातील स्त्रिया काळ्या वस्त्रांत गोल उभ्या होत्या. पुरुष कुंपणापाशी सिगारेटी ओढीत होते. हे काम बायकांचेच. तिथे असे आणि आमच्याकडे तसे, हा विचार माझ्या मनात आला आणि हसू दाबावे लागले. खड्डा खणता खणता त्या स्त्रिया गाऊ लागल्या. त्याला गाणे म्हणावे की रडणे, हे मला ठरविता आले नाही : एकीने ओळ उचलायची, दुसरीने ती पुढे न्यायची, आणि मृताशी थेट बोलायचे, जणू तो दारात उभा आहे आणि आत येत नाही. पाद्री, पापा-ग्रिगोरिस, एका बाजूला धूपपात्र घेऊन उभे होते. उंच, करडी दाढी, थकलेले डोळे. हे गाणे त्यांना पसंत नव्हते, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते. तथापि ते थांबविण्याचे धैर्य त्यांच्या आधीच्या कोणत्याही पाद्रीला झालेले नव्हते, असे लेफ्तेरी माझ्या कानाशी पुटपुटले.

माती ओलसर आणि काळी झाली, तेव्हा फावडी बाजूला ठेवून हातांनी काम सुरू झाले. कवटी प्रथम वर आली. स्तामातियाने ती दोन्ही तळहातांवर घेतली, कपाळाला ओठ लावले, आणि माझ्या हातांत दिली.

ती मेणासारखी स्वच्छ पिवळी होती. हलकी होती. डाव्या कानशिलावर एक बारीक खोक होती. आठव्या वर्षी तो संगमाच्या पायरीवर घसरला होता. मी ती खोक बोटाने शोधली आणि मला ती सापडली.

स्त्रियांत कुजबूज झाली. सर्वांत म्हातारी, जिला बाकीच्या पणजी म्हणत होत्या, पुढे वाकली आणि मोठ्याने काही म्हणाली.

"बोलते, बघा रंग!" लेफ्तेरी म्हणाले. "आमच्यात असं हाय, बाय. पापी माणसाची हाडं काळी निघतात. माती त्याला खात नाय. ज्याला देवानं घेतला, त्याची अशी निघतात. सोन्यासारखी. पणजी बोलते, एवढी साफ हाडं तिच्या नवऱ्याची पण नव्हती."

"तिचा नवरा तर दारुडा होता!" कुंपणाकडून कोणी तरी म्हणाले आणि त्या स्थितीतही दोन बायका हसल्या.

आम्ही दोघी परातीशी बसलो. लाल द्राक्षमद्याने एक एक अस्थी धुऊ लागलो. ती धुवायची आणि मला द्यायची. मी पुसायची आणि पांढऱ्या वस्त्रावर ठेवायची. कलश माझ्या शेजारी होता, त्याचे लाल वस्त्र मी सोडले होते. शेजारीच तिने करून घेतलेली लाकडी पेटी होती. तिने त्या पेटीकडे एकदाही पाहिले नाही.

बरगड्यांखालच्या मातीतून एक छोटासा चांदीचा क्रूस निघाला. स्तामातियाचा हात थांबला. पापा-ग्रिगोरिस पुढे आले, त्यांनी तो उचलून पुसला आणि सर्वांना दाखविला.

"हाच तो," ते म्हणाले. "याच क्रूसावरून आपण याला ख्रिस्ती समजून मूठमाती दिली. समुद्राने याचे नाव घेतले, पण हे चिन्ह ठेवले."

मी स्तामातियाकडे पाहिले. हेरंबच्या गळ्यात क्रूस असणे शक्य नव्हते. ती मान खाली घालून तेच हाड पुनःपुन्हा धूत होती. क्रूसाच्या मागच्या बाजूला अक्षरे कोरलेली होती. लेफ्तेरींनी ती दुरूनच पाहिली आणि डोळे मिटून घेतले.

"कोणाचा आहे?" मी हळूच विचारले.

"मिखालिसचा," ते पुटपुटले. "बाप्तिस्म्याचा. कोणाला बोलू नको, बाय."

तेव्हा मला सर्व उमगले. मुलाच्या लहानपणाची म्हणून तिच्याजवळ जी एकच वस्तू उरली होती, ती तिने परक्याच्या गळ्यात घातली होती, त्याला कुंपणाच्या आत जागा मिळावी म्हणून. आणि काल तिने मला म्हटले होते, घेऊन जा.

पापा-ग्रिगोरिस माझ्याकडे वळले. स्तामातियाने ठरल्याप्रमाणे त्यांना माझ्याविषयी सांगितले असावे. ते सौजन्याने वागत होते. "आई आली आहे, हे फार चांगले झाले. आता याचे नाव कळू द्या. प्रार्थनेत नाव घ्यावे लागते."

लेफ्तेरींनी ओठ न हलविता मला सांगितले, "बाय, काय पण ख्रिस्ती नाव बोल. मिखालिस बोल. काम खलास."

मी उठले. जानवे रुमालातून काढून तळहातावर ठेवले.

"माझ्या मुलाचे नाव हेरंब," मी म्हणाले. "बार्बा, जसे बोलते तसेच सांगा, एक अक्षर बदलू नका. तो हेरंब वाळिंबे. तो ख्रिस्ती नव्हता. हे सूत्र त्याच्या अंगावर होते. क्रूस त्याचा नाही. तीन वर्षे तो इथे नावावाचून झोपला. आता खोट्या नावाने मी त्याला क्षणभरही झोपू देणार नाही. आणि मी त्याला नेणार नाही. तो इथेच राहील, त्या खोलीत, या पेटीत."

लेफ्तेरींनी हे सांगितले असावे. कारण गाणे थांबले. स्तामातियाने वर पाहिले. तिच्या हातांतून मद्य ठिबकत होते.

पापा-ग्रिगोरिस कठोर नव्हते. ते बराच वेळ त्या सूत्राकडे पाहत होते. मग म्हणाले, "बाई, मी तुमच्या दुःखाचा मान राखतो. तुम्ही खरे बोललात, त्याचाही राखतो. पण त्या खोलीत बाप्तिस्मा झालेली माणसे पुनरुत्थानाची वाट पाहत आहेत. ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही त्याला मी तिथे ठेवू शकत नाही. तुम्ही भांडे आणले आहे. घेऊन जा. मी तुम्हांला आशीर्वाद देईन."

"तो क्रूस माझ्या मिखालिसचा आहे," स्तामातिया उभी राहून म्हणाली. तिचा आवाज मोठा नव्हता. "मी घातला. खोटे मी बोलले. माझा मुलगा समुद्राच्या तळाशी आहे. त्याला कोणती खोली, कोणती पेटी? मग त्याच्या जागी हा राहील. मी तीन वर्षे दिवा लावला तो कोणापुढे, हे मला माहीत होते. तुम्हांला माहीत नव्हते, एवढेच."

"स्तामातिया, तू देवाशी खोटे बोललीस."

तेव्हा पणजी काठी टेकीत पुढे आली. तिने कवटी उचलली आणि पाद्रीच्या नाकासमोर धरली. "पातेर, रंग पाहा. देवाने याला घेतला आहे. ज्याला देवाने घेतला, त्याला तुम्ही कोण नाही म्हणणार? तुमच्या आजोबांना आम्ही काढले तेव्हा मी होते तिथे. रंग सांगू का?"

पापा-ग्रिगोरिस लाल झाले. खोलीला कुलूप लावून त्यांनी किल्ली झग्याच्या खिशात टाकली आणि ते टेकडी उतरू लागले.

स्त्रिया एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग लेफ्तेरी खाकरले. "बाय, कुलूप मजबूत हाय. पण दार माझ्या आज्यानं बसवलं होतं. तो सुतार लई वाईट."

पाच बायकांनी खालून आणि एका म्हाताऱ्या खलाशाने बाजूने जोर लावला, आणि कुलपासकट ते दार बिजागऱ्यांतून उचलून भिंतीला टेकविण्यात आले.

अस्थी पेटीत ठेवल्या. कवटी सर्वांत वर. जानवे मी तिच्यावर ठेवले. क्रूस स्तामातियाच्या मुठीत होता. मी तिची मूठ धरून पेटीकडे नेली. तिने नाही म्हणून मान हलविली. मी हात सोडला नाही. शेवटी तिने मूठ उघडली. मग कोणीतरी धावत जाऊन होडीचा निळा रंग आणला आणि पेटीच्या फळीवर मी देवनागरीत लिहिले : हेरंब. ब्रश मी तिच्या हाती दिला. तिला लिहिता येत नव्हते. तेव्हा तिने सांगितले आणि त्याच्याखाली मीच लिहिले : मिखालिस.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही वर गेलो, तेव्हा दार पुन्हा जागेवर बसविलेले होते. कुलूप नव्हते. बिजागऱ्यांना तेल घातलेले होते. टेकडीवर तेलाची बुधली एकाच घरात असे, चर्चच्या दिव्यांसाठी.

निघण्यापूर्वी मी समुद्रात उतरले. गुडघाभर पाण्यात, दक्षिणेकडे तोंड करून. आमच्याकडे कोणत्याही कर्माच्या आरंभी देश आणि काल यांचा उच्चार करावा लागतो. आयुष्यभर ऐकलेली ती वाक्ये जिभेवर आली आणि अडखळली. कारण तिथे ना भरतखंड होते, ना कृष्णेचे तीर. क्षणभर थांबून मी त्या गावाचे नाव घेतले, त्या समुद्राला तीर्थ म्हटले, आणि पुढे गेले. मंत्र मी मनात म्हटले नाहीत. मोठ्याने म्हटले. वडिलांनी शिकविले तसे, स्वरांसह. कौशिक गोत्राच्या हेरंबला तीन ओंजळी दिल्या.

स्तामातिया काठावर उभी होती. मी तिला हाताने बोलाविले. ती पादत्राणे काढून, काळा झगा पोटरीपर्यंत उचलून, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बार्बा, त्यांना विचारा, त्यांच्या मुलालाही पाणी देऊ का?"

तिने विचारले, "तुमच्या देवाला तो चालेल?"

"ज्याचे गोत्र माहीत नाही त्याला काश्यप म्हणावे, असे आमचे शास्त्र सांगते," मी म्हणाले. "सर्व प्राणिमात्र कश्यपाचीच लेकरे आहेत. मी नवीन काही करीत नाही."

तिने माझ्या ओंजळीखाली स्वतःची ओंजळ धरली. पाणी माझ्या बोटांतून तिच्या बोटांत आणि तिच्या बोटांतून समुद्रात गेले.

कऱ्हाडला मी उतरले तेव्हा भावोजी ओटीवर बसलेले होते. त्यांनी कलश उचलून पाहिला. त्यांच्या भुवया वर गेल्या.

"रिकामा? वहिनी, अस्थी कुठे आहेत?"

"तिथेच ठेवल्या."

"म्लेच्छांच्या गावात? कोणाच्या भरवशावर?"

"त्याच्या आईच्या," मी म्हणाले आणि कलश घासायला घेतला.

त्या गोष्टीला आज वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. दर सर्वपित्री अमावास्येला मी परसात पाट मांडून बसते आणि दोघांना पाणी देते. पहिल्या वर्षी ‘काश्यपगोत्रं मिखालिसनामानं स्वधा नमस्तर्पयामि’ हे शब्द भावोजींच्या कानी पडले. त्यांनी आपल्या खोलीची खिडकी धाडकन लावून घेतली.

खिडकी जुनी, जाड शिसवी लाकडाची होती. म्हणून ते वाक्य मी पुन्हा, अधिक मोठ्याने म्हटले.